कढीपत्त्याला मिरीचं रसम

"कातडी बाहेर असते रे मठ्ठा, घशात कुठून येणार?" सईबाई कडाडल्या. "दहावी सोडलेलं पोर मला वैद्यकी शिकवतंय!"

गिरीधरचं डोकंच फिरलं. "आत्या, अप्पांच्या आजाराचं नाव पेम्फिगस. शरीर आपल्याच कातडीवर उलटतं. फोड तोंडात येतात, घशात येतात, पार अन्ननलिकेत उतरतात. गिळताना दुखलं तर लगेच या, असं डॉक्टरांनी बजावलंय."

"दुखतंय कुठे? विचार त्याला!"

गिरीधरचे अप्पा, बालाजीराव, पंख्याकडे बघत बसले. चेन्नईत अंबत्तूरच्या कारखान्यात पन्नास माणसांवर ओरडणारा हा सुपरवायझर थोरल्या बहिणीपुढे मांजर व्हायचा. अंगावरचे फोड गोळ्यांनी सुकले, त्याच दिवशी सईबाईंनी आजार संपल्याचं जाहीर करून टाकलं. उरला बसलेला घसा. त्याला मिरीचं रसम, उकळतं, दोन वेळा. तंजावरहून आलेल्या या घरात सर्दीपासून परीक्षेपर्यंत सगळ्यावर तेच औषध. गिरीधरच्या परीक्षेला तेवढं लागू पडलं नव्हतं.

"रोज टंबलर चाटूनपुसून रिकामा असतो," सईबाई म्हणाल्या. "दुखत असतं तर प्याला असता?"

गिरीधर तरातरा बाल्कनीत गेला आणि कढीपत्त्याची कुंडी फरफटत आणून त्यांच्या पायाशी ठेवली. पानं गळून नुसत्या काड्या उरलेल्या. मातीवर भरडलेल्या मिऱ्यांचा थर, त्यात टोमॅटोची सालं.

सईबाई वाकून बघत राहिल्या. झाड का वाळतंय म्हणून परवाच त्यांनी नर्सरीवाल्या नारायणस्वामीला घरी बोलावलं होतं.

"झाडाला डॉक्टर आणलास," गिरीधर म्हणाला. "माणसाला नाही."

"अक्का, तुझं मन मोडवेना गं," बालाजीराव छातीवर हात ठेवून पुटपुटले. "साधं पाणीसुद्धा काचा गिळल्यासारखं उतरतं."

"मग तोंड नव्हतं सांगायला? किती मिरी मातीत घातलीस!" सईबाईंचा आवाज मात्र चिरकला. त्या लगबगीने स्वयंपाकघराकडे वळल्या. "थांबा. रसम नको तर गार ताक देते. उपाशी कसा धाडू त्याला?"

"काही देऊ नकोस! दवाखान्यात घशातून नळी घालून आत बघणारेत, पोट रिकामं लागतं."

"घोटभर तरी..."

गिरीधरने अप्पांच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं आणि बाईकची किल्ली उचलली. "आत्या, उरलेलं भांडण संध्याकाळी. डॉक्टरांनी अकराची वेळ दिलीय, आम्हाला आता निघायलाच हवं."