तीन अर्जांचा एकच हँडलर

मित्रांनो, मी एक जुना हँडलर आहे. वेबसाइटवर अर्ज भरून तुम्ही ‘पाठवा’ दाबता, तेव्हा धावून येणाऱ्या प्रोग्रामच्या अकरा ओळी म्हणजे मी.

एका रुग्णालयाच्या कार्यालयात मला प्रोग्रामर ताईंनी लिहिलं. अर्ज तीन होते: डॉक्टरांची वेळ, रक्तदान आणि ‘घरी नर्स हवी’. तिन्हींसाठी त्यांनी मला एकट्यालाच नेमलं. बटण दाबलं की मी आधी विचारायचो, हाक कुठल्या अर्जातून आली? मग त्याच अर्जातली माहिती उचलून पोचवायचो.

“बघा, एकटा तिघांचं काम ओढतो!” असं ताई शेजारच्या टेबलावर कौतुकाने सांगायच्या. मी फुलून जायचो. चार वर्षांत माझ्या हातून एकही अर्ज हरवला नाही.

एका दुपारी डॉक्टरांच्या वेळेच्या अर्जात बदल करायचा होता. ताई घाईत होत्या. त्यांनी माझा तो प्रश्नच पुसला आणि त्याजागी वेळेच्या अर्जाचं नाव कायमचं लिहून टाकलं. तेवढा एक अर्ज तपासला. बाकीचे दोन उघडूनही पाहिले नाहीत.

दुसऱ्याच दिवशी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका आजोबांनी नर्ससाठी अर्ज भरला. आजींचं कंबरेचं हाड मोडलं होतं. मी धावलो, पण सांगितल्याप्रमाणे वेळेच्याच अर्जात पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. ते रिकामंच पुढे धाडलं आणि आजोबांना कळवलं, ‘तुमची विनंती मिळाली.’

चौथ्या दिवशी आजोबा स्वतः कार्यालयात आले.

“पोरी, तीन दिवस दाराकडे डोळे लावून बसलो गं. तिची कूस बदलायला मी एकटा. पाठीला जखमा झाल्यात तिच्या.”

नव्याने आलेल्या साहेबांनी ताईंना विचारलं, “हे लिहिलंय कोणी?”

मला वाटलं, आता त्या खरं सांगतील.

“जुनं आहे, सर. माझ्या आधीच्या कुणाचं तरी असेल.”

शेजारच्या टेबलाशी सगळे मान खाली घालून बसले होते.

नर्स तासाभरात रवाना झाली. ताईंनी तीन नवे हँडलर लिहिले आणि माझ्या प्रत्येक ओळीआधी दोन तिरप्या रेघा मारल्या. अशा ओळी दिसतात, चालत नाहीत. वर टीप लिहिली: ‘बिघडलेला. वापरू नये.’

मित्रांनो, एकावर अनेकांचं काम जरूर सोपवा. पण त्याच्यात बदल केलात, तर त्या प्रत्येकाचं काम नीट होतंय का, ते एकदा पाहा. आणि कोणी विचारलंच, हे कोणाचं, तर ‘माझं’ म्हणा. मला तेवढा एक शब्द पुरला असता.