बाबा स्टुलावर बसले

बाबा मले घरी न्याले आले, तो दिवस नेमका पोर्ट्रेटच्या सहामाही परीक्षेचा. आता बोला!

आमचं चित्रकलेचं कॉलेज खासगी, राजापेठेत ट्युशन क्लासच्या माडीवर. बाबा म्हणजे शेंदूरजनाघाटचे खुशालराव, संत्रावाले. वरुडले डीएडले माझा नंबर उशिरानं लागला, अन् त्याईनं मले न विचारता ठरवूनच टाकलं. संत्र्याची थैली घेऊन दारातूनच म्हणाले, "चाल व आचल, बॅग भर. डिग्री घेऊन काय लोकाईच्या भिंती रंगवशीन? मास्तरीण हो."

मले रडू बी आलं अन् राग बी. "परीक्षा तं देऊ द्या, बाबा!"

तेवढ्यात गफ्फार सर घामाघूम होऊन आले. मॉडेल म्हणून बसणारा चौकीदार साळ्याच्या लग्नाले पळाला होता. सरायनं बाबाकडे पाहिलं. टोपी, झुपकेदार मिशा. "भाऊ, जरा स्टुलावर बसता का? फक्त हलायचं नाही."

"हॅट! त्यात काय अवघड हाये?" म्हणत बाबा बसले.

बसायच्या आधी साऱ्या पोट्ट्याईले संत्री वाटली. मंग कोन कोणत्या गावचा, कोणाचा कोण, सारी चौकशी झाली. अकोल्याचा हसनैन हात जोडून म्हणे, "काका, तोंड!" तोंड मिटलं तं मिशीतून हसत. मधेच शिंकले. टोपी काढून डोकं खाजवलं अन् उलटीच घातली. मी कपाळावर हात मारला.

वेळ संपला तसे बाबा उठले. हात मागं बांधून, मंडीत माल पाहातात तसे एकेक चित्र पाहात निघाले. हसनैनपाशी आवाज चढला.

"हा कोन हाये?"

"तुम्हीच, काका."

"मंग मी काहून रडून राहिलो?"

खरंच व माय! साऱ्याईनं त्याईले रडवलं होतं. खोल डोळे, वाकलेली पाठ, मागं भेगा पडलेली जमीन. एकीनं तं झाडाले दोर बी लटकवला होता. बाबा त्या दोरापाशी थांबले अन् त्याईचं हसू गेलं.

"अरे, आता तुमाले संत्री देल्ली ना मी?" ते हळूच म्हणाले.

हसनैन खाली पाहात म्हणाला, "पेपरात रोज असाच शेतकरी येते, काका."

"पेपरातला काढायचा होता तं मले काहून बसवलं?"

मंग ते माझ्याकडे आले. माझ्या कागदावर टोपी उलटी, तोंड उघडं, एक डोळा बारीक. तोंड उघडं म्हणून मार्क कापले जातीन, हे मले ठाऊक होतं. पण बाबाचं तोंड मिटलेलं मी जन्मात पाहिलंच नाही, तं काढू कसं?

लय वेळ पाहिलं त्याईनं. "दात जास्त काढले व."

"तेवढेच हायेत."

बाबा सरायकडे वळले. "सर, ते डीएड गेलं खड्ड्यात. हिले इथीच ठेवा. नाही तं हे पोट्टे साऱ्या वऱ्हाडाले रडवतीन. अन् पुढच्या परीक्षेले मलेच बोलावजा."

मले एवढा आनंद झाला का साऱ्याईसमोर भोंगाच काढला. बाबानं टोपी सरळ केली अन् ओरडले, "हं, आता काढा रे हिचं चित्र!"