चिठ्ठीखालची चिठ्ठी

मित्रांनो, मी जुना आहे आणि फळा आहे. दोन्हींचे मला आता काही वाटत नाही. मच्छीमार सोसायटीच्या शेडमध्ये, बर्फाच्या खोलीच्या भिंतीला पाठ लावून मी उभा असतो. माझ्या अंगावर बरीच बारीक भोके आहेत. नवखी माणसे विचारतात, वाळवी लागली काय? वाळवी नव्हे, त्या टाचण्यांच्या खुणा आहेत. त्या कशा आल्या तेच सांगतो.

हरिश्चंद्र मेस्त्रींनी फणसाच्या चार फळ्या जोडून मला गावच्या शाळेसाठी घडवले. शेवटचा रंधा मारून ते म्हणाले होते, "नातवांचीय पोरां ह्याच्यारच शिकतली." तसे काही झाले नाही. माणसे मुंबईला गेली, पट कमी होत गेला आणि एका जूनमध्ये शाळा उघडलीच नाही. फणसाचे लाकूड मात्र टिकले. माझ्यावर अक्षरे गिरवलेल्या मुलांपैकी जानकी नावाची मुलगी मला आठवते, कारण तिच्या 'ल'ची गाठ कायम उलट्या बाजूला पडायची.

पुढे सोसायटीने मला उचलून आणले. सोसायटीचे काम बघणारे भिकाजी रोज सकाळी माझ्यावर भरती-ओहोटीच्या वेळा लिहीत. त्यांचे अक्षर गोल आणि ठळक. आलेला माणूस आधी मला वाचायचा आणि मग चहा मागायचा. तो काळ माझ्या मानाचा होता.

मग तो ऑगस्ट आला. 'श्री सातेरी' नावाची बोट खाडीच्या तोंडाशी उलटली. दोघे पोहत किनाऱ्याला लागले. तिसरा बाबली, जानकीचा नवरा. त्याला वर काढले तेव्हा उशीर झाला होता. सकाळी नऊ वाजता भिकाजींनी माझ्यावर लिहिले, 'आज व्यवहार बंद. कै. बाबली यांना भावपूर्ण श्रद्धांजली.'

जानकी त्या वेळी कुडाळच्या आठवडी बाजारात मासे विकत बसली होती. बंदराच्या कार्यालयाला वाटले, सोसायटीने तिला सांगितले असेल. सोसायटीला वाटले, बोटीच्या मालकाने सांगितले असेल. मालकाला वाटले, शेजाऱ्यांनी सांगितले असेल. मला वाचून गेलेल्या पन्नासेक माणसांना वाटले, फळ्यावर आले म्हणजे घरी कळलेच असणार. दुपारी एक वाजता एका बाईने बांगडे पिशवीत घेता घेता जानकीला सहज विचारले, तुमच्या गावच्या त्या बुडालेल्या बाबलीच्या घरी कोण कोण असते?

तिच्या नवऱ्याची बातमी मला तिच्या चार तास आधी कळली होती. मी ती छातीवर घेऊन उभा होतो. त्यानंतर कोणी माझ्यावर काय लिहिले आणि काय पुसले, याचे मला काही वाटेनासे झाले.

जानकी महिन्याभराने पुन्हा बाजाराला जाऊ लागली. रडत नसे, कामापुरते बोले. लोक म्हणत, जानकी सावरली. मला ते पटत नव्हते. बधिर झालेले माणूस लाकडाला ओळखू येते.

पुढल्या जानेवारीत आमच्या शेडमध्ये एक वेगळाच मेळावा भरला. प्राजक्ता नावाची कुडाळची मुलगी, पुण्याची नोकरी घरून करणारी, तिने तो जमवला होता. मोबाइल आणि संगणकाची कामे करणारे तरुण, बचतगटाच्या बायका, काजूवाले, मच्छीमार, शिक्षक असे सगळे आले. विजयदुर्गापासून शिरोड्यापर्यंतची माणसे होती. पण कार्यक्रमपत्रिका कोरी! भिकाजींना ते काही केल्या झेपेना.

"अध्यक्ष नाय, पाहुणो नाय, शाल-श्रीफळ नाय. मग ह्यो मेळावो कसलो?"

"भिकाजीकाका, येतले तेच पाहुणे," प्राजक्ता म्हणाली. "आणि कार्यक्रम ह्या फळ्यार सगळ्यांनी मिळान करूचो."

तिने जाळ्याच्या दोरीने माझ्यावर चौकटी आखल्या. आडव्या ओळीत वेळा, उभ्या ओळीत जागा : शेड, उंडीच्या झाडाखाली, बर्फाच्या खोलीमागे. ज्याला जे बोलायचे, विचारायचे असेल त्याने ते चिठ्ठीवर लिहून चौकटीत टाचायचे आणि त्या वेळी तिथे जाऊन बसायचे. नियम एकच, दोन पायांचा. जिथे मन लागत नाही तिथून उठून दुसऱ्या गोलात जायचे, कोणी राग धरायचा नाही. आमच्या सोसायटीचे चेअरमन गुरुदास यांनी 'माझे मनोगत' अशी चिठ्ठी लावली. सात जण ऐकायला गेले आणि दहा मिनिटांत सातही जणांनी नियम पाळला.

टाचण्या टोचत होत्या. दुखले नाही. विहिरींचा नकाशा, मालवणीतल्या गोष्टी ध्वनिमुद्रित कशा करायच्या, काजूची बोंडे, गावाला रेंज का नाही, असे विषय माझ्यावर चढत गेले.

जानकी चहाच्या भांड्यांपाशी उभी होती. प्राजक्ताने तिच्या हातात कागद दिला. "काकी, तुमका काय विचारूचा आसा तां लिवा."

जानकीने बराच वेळ लावला. मग येऊन स्वतःच्या हाताने चिठ्ठी टाचली. बारा वाजताची वेळ, उंडीखाली. तीत लिहिले होते, 'बोटीक काय झाला तर घराकडे कोण सांगतलो?' 'ल'ची गाठ अजून उलटीच होती. चिठ्ठी लावून ती भांडी विसळायला गेली.

थोड्या वेळाने प्रीतम आला. शिरोड्याचा हा मुलगा बोटीसाठी एक यंत्र बनवत होता. बोट संकटात सापडली की कळ दाबायची आणि बंदराच्या कार्यालयाला, सोसायटीला, मालकाला, गस्तीच्या बोटीला लगेच संदेश जायचा. त्यालाही बाराचीच वेळ हवी होती. जानकीची चिठ्ठी वाचून तो प्राजक्ताला म्हणाला, "हे दोनय विषय एकच आसत. एकत्र घेऊया, शेडीत. काकी आमच्याच गोलात बसतीत."

प्राजक्ताने मान डोलावली. या मेळाव्यांत तशी रीतच असते, सारखे विषय एकत्र करतात. प्रीतमने जानकीची चिठ्ठी काढून शेडच्या चौकटीत आणली, तिच्यावर आपला मोठा कागद ठेवला आणि दोन्हींतून एकच टाचणी आत दाबली. त्यात वाईट हेतू काडीचाही नव्हता.

बाराला जानकी पदराला हात पुसत माझ्यासमोर आली. उंडीच्या चौकटीत काहीच नव्हते. तिने सगळ्या चिठ्ठ्या वरपासून खालपर्यंत बोट फिरवून वाचल्या. तिचे बोट प्रीतमच्या कागदावरूनही गेले. तिची चिठ्ठी त्या कागदाखाली, तिच्या बोटापासून एका कागदाच्या अंतरावर होती. मला ठाऊक होते. मी फळा. काय करणार?

ती तरीही उंडीखाली जाऊन बसली. एकटीच. इकडे शेडमध्ये वीस माणसांच्या गोलात संदेश कुठल्या भाषेत जावा आणि बॅटरी किती तास पुरावी यावर तासभर चर्चा रंगली. तास संपल्याची थाळी वाजली तेव्हा जानकी उठली आणि जेवण वाढायला गेली.

संध्याकाळी सगळे एका मोठ्या गोलात बसले. प्रत्येकाने एक वाक्य बोलायचे, इथून काय घेऊन चाललो ते. कोणी म्हणे मैत्री, कोणी म्हणे उमेद. जानकीची पाळी आली.

"माझी चिट्टी माका मिळाक नाय," ती म्हणाली आणि पुढच्याकडे बघू लागली. आवाजात तक्रार नव्हती. काहीच नव्हते.

प्रीतम चटकन उठला, माझ्यापाशी आला आणि त्याने आपला कागद उचलला. खाली ती होती.

"प्राजक्ता, तू काकींका सांगूक नाय?"

"माका वाटला, तू सांगितलंस."

"आणि माका वाटला, तू सांगितलंस."

जानकी दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

"तेव्हाय असाच झाला होता," ती म्हणाली.

भिकाजींनी मान खाली घातली. त्या सकाळी खडू त्यांच्या हातात होता. मग जानकीने कुडाळच्या बाजारातली ती दुपार सांगितली. फार नाही, चार-पाच वाक्ये. बांगडे कोणत्या बाईने घेतले, किती घेतले, तेही सांगितले. मेळावा संपायची वेळ टळून गेली, पण दोन पायांचा नियम त्या संध्याकाळी कोणीही वापरला नाही.

प्रीतम म्हणाला, "काकी, माझ्या यंत्रात घरचो नंबर घालूक व्हयो. आजच घालतंय."

"नंबर घाल," जानकी म्हणाली. "पण यंत्राक आलेलो निरोप घराकडे माणसान सांगूक होयो. एका माणसान. त्याचा नाव आधीच ठरूक होया. नायतर सगळे म्हणतले, दुसऱ्यान सांगल्यान आसतला."

"कोणाचा नाव घालूया?" भिकाजींनी हळूच विचारले.

"माझा लिवा. मी सांगतलंय."

दुसऱ्या दिवशी भिकाजींनी माझ्यावरच्या टाचण्या एकेक करून उपसल्या. खडू घेतला नाही, पांढरा ऑइलपेंट घेतला. डावीकडे गावातल्या एकोणीस बोटींची नावे, मध्ये बोटीवर जाणाऱ्या प्रत्येकाच्या घरच्या माणसाचे नाव आणि फोन. उजवीकडे वरपासून खालपर्यंत एकच शब्द एकोणीस वेळा, 'जानकी'.

आता मेळाव्याला नवा पांढरा फळा येतो. माझ्यावर कोणी टाचणी लावत नाही. सुरुवातीचे काही दिवस अंगात कसनुसे होत राहिले, तेव्हा कुठे मला कळले की त्या टाचण्या दुखत होत्या.

गेल्या ऑगस्टमध्ये प्रीतमचे यंत्र पहिल्यांदा वाजले. एका बोटीचे इंजिन खोल पाण्यात बंद पडले होते. भिकाजींनी जानकीला हाक मारली. तिने टोपली खाली ठेवली, माझ्यावरचे आकडे बोटाने धरून वाचले आणि बोटीवरच्या तिघांच्या घरी एकेक करून फोन लावला.

"गो, मी जानकी. बोट बंद पडली हा, माणसां बरी आसत. आणूक दुसरी बोट गेली हा. दुसऱ्या कोणाचा आयकू नको, काय झाला तर मीच सांगतलंय."

तिसरा फोन झाल्यावर ती खोक्यावर बसली आणि तिने पाठ मला टेकली. मग ती रडू लागली. इतक्या दिवसांनी, मोठ्याने, लहान मुलीसारखी. तिची पाठ हलत होती आणि तिच्याबरोबर माझ्या चारही फळ्या हलत होत्या. मला वाईट वाटले, मित्रांनो. खरोखर वाईट वाटले, आणि वाटले याचे बरेही वाटले.

माझी एकच विनंती आहे. मला वर्षातून एकदा तेलाचा हात दिलात तर उत्तम, नाही दिलात तरी फणस आहे, टिकेन. पण कागदावर कागद लावण्याआधी खालचा कोणाचा आहे ते बघा आणि त्या माणसाला सांगा. एखाद्याच्या घरची बातमी तुम्हाला आधी कळली, तर त्याला कळलीच असेल असे म्हणून पुढे जाऊ नका. मला त्या सकाळी कुडाळला जाता आले नाही. तुम्हाला दोन पाय आहेत.