आप्पांचा सोमवार आणि एक बाटली रक्त

एक बाटली रक्त देऊन आपल्याला काय काय मिळणार, ते गुरुपादप्पांनी रेणापूरहून लातूरला येतानाच मोजून ठेवलं होतं. फोटो व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर जाणार. तिथं दोनशे अकरा माणसं, आणि पुढच्या महिन्यात व्यापारी संघाच्या अध्यक्षपदाची निवडणूक. शिवाय शेजारच्या सुमनबाईंवर जन्माचा उपकार. बाई निवृत्त मुख्याध्यापिका. गावातले निम्मे व्यापारी त्यांच्या छडीखालून गेलेले.

बाईंची सून लुंबिनी बाळंतपणासाठी दवाखान्यात होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन, रक्त ओ निगेटिव्ह, आणि डॉक्टरांना एक बाटली हाताशी हवी होती. गावात हे रक्त आप्पांचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण आप्पाच ते वर्षानुवर्षं सांगत होते. दिलं मात्र कधी नव्हतं.

रक्तपेढीतल्या मुलीनं विचारलं, "काका, सकाळी काय खाल्लं?"

"काई न्हाई," आप्पा छाती काढून म्हणाले. "श्रावणी सोमवार हाय. संध्याकाळच्या पूजेपर्यंत निस्तं पाणी. बावीस वर्षं झाली."

"मग घेता येणार नाही. चक्कर येते. जेवून या."

आप्पांचा चेहरा उतरला. पहाटेच त्यांनी ग्रुपवर बेलपानाचं चित्र टाकून 'आज कडक उपवास' असं लिहिलं होतं. आणि ग्रुपात संगमेश होता, मेडिकल दुकानाचा मालक आणि अध्यक्षपदाचा दुसरा उमेदवार. उपाशी माणसाचं रक्त घेत नाहीत, हे त्याला कळत नाही असं थोडंच? फोटो टाकायचा म्हणजे उपास मोडल्याचा पुरावा आपल्याच हातानं द्यायचा.

"उद्या येतो की, बाई. मंगळवार हाय," आप्पा सोबत आलेल्या सुमनबाईंकडं वळून म्हणाले.

"उद्या नवाला ऑपरेशन हाय, आप्पा. रक्त तपासायलाच वेळ लागतो म्हणतात."

बाई पुढं बोलल्या नाहीत. शाळेतही त्या ओरडल्या की पोरं निवांत असत, गप्प झाल्या की घाम फुटायचा. मांडीवरचा डबा त्यांनी उचलून आप्पांच्या पुढ्यात ठेवला.

"काय हाय डब्यात?" आप्पांनी विचारलं.

"भाकरी, मेथी. घाबरू नका, अंडं न्हाई."

"मी कुठं घाबरून राहिलो?"

"मग हात धुवून या."

आप्पा दीड भाकरी जेवले. मेथीत कूट कमी पडलंय, असंही म्हणाले. पाऊण तासानं खाटेवर आडवे झाले, तेव्हा बाईंनी ठरल्याप्रमाणं फोन काढला.

"काढू का?"

"ऱ्हाऊ द्या."

"का हो? येताना जीपभर तेच सांगून राहिला होता."

"बाई, ती पोरगी सुई टोचून राहिलीय. गप बसा की जरा."

घरी रत्नम्मांनी नवऱ्याच्या कोपराजवळची पट्टी पाहिली आणि दोन प्रश्नांत सगळं काढून घेतलं. रक्त दिलं ते चांगलंच केलं, पण उपास मोडला तो मोडला. देवाचा राग नको म्हणून त्यांनी स्वतः अकरा सोमवार धरले, निव्वळ पाण्यावर.

"मीच धरतो की," आप्पा म्हणाले.

"तुमचा काय भरवसा? परत कुणाला रक्त लागलं म्हंजे?"

बाटली कामी आली, लुंबिनीला मुलगी झाली. आप्पा तेरा मतांनी पडले. आणि अकरा सोमवार उपाशी राहिल्या रत्नम्मा, ज्यांचं रक्त बी पॉझिटिव्ह आहे आणि ज्यांच्याकडं कुणी काही मागितलंच नव्हतं.