डिस्कवरचा श्रीकार

गंगापूर रोडवरच्या दोन खोल्यांत बसून उज्वला सानप फाइल सिस्टीम लिहीत होती. डिस्कवर कुठे काय ठेवलंय हे सांभाळणारी ही व्यवस्था. नातेवाइकांना ती सांगायची, "कोठीघर लावते." तेवढ्यावर भागायचं. पण आता देशोदेशीची माणसं तिच्या हाताखाली त्यात राबत होती, आणि आज त्या कामावरचा 'प्रायोगिक' शिक्का जाऊन 'स्थिर' लागणार होता. स्थिर म्हणजे वचन: आज ठेवलेलं उद्याच्या आवृत्तीतही उघडेल. सकाळपासून अभिनंदनं येत होती; उज्वलाची मान ताठ होती, आणि का नसावी?

तेवढ्यात सिन्नरहून तिचा मावसभाऊ नवनाथ आला. हा लग्नांचं शूटिंग करणारा. भरवसा ठेवू नकोस असं बजावूनही या पठ्ठ्याने तिच्या अगदी पहिल्या आवृत्तीवर आपली डिस्क भरली होती. "ताई, तू लिहिलंय ना, मग झालं!"

मोठ्या हौसेने त्याने ती जुनी डिस्क नव्या आवृत्तीला जोडली. पडद्यावर उमटलं: डिस्क कोरी आहे. फॉरमॅट करायची?

"कोरी कशी? निम्म्या तालुक्याची लग्नं हायेत हिच्यात! हो म्हणू का?"

"हात लावू नकोस!" उज्वला ओरडलीच. "सगळं पुसलं जाईल."

तिने डिस्कची अगदी सुरुवात तपासली आणि कपाळावर हात मारून घेतला. तिथे लिहिलं होतं, श्री.

कोऱ्या वहीवर आधी श्री काढल्याशिवाय जिचा हात पुढे सरकत नसे, तिने पहिल्या डिस्कचाही आरंभ तसाच केला होता. डिस्क आपली की परकी, हे त्या खुणेवरूनच ठरायचं. पुढे परदेशी सहकाऱ्यांनी विचारलं, ही कसली खूण? उज्वला लाजली आणि तिने श्रीच्या जागी गुपचूप चार इंग्रजी अक्षरं टाकली. नव्या आवृत्तीला जुनी खूण ओळखायला शिकवायचं मात्र राहूनच गेलं.

तिने सगळ्या सहकाऱ्यांना कळवलं, 'स्थिर'ची घोषणा थांबवा. एकाने लिहिलं, प्रायोगिक काळातल्या डिस्कचं वचन आपण दिलंच नव्हतं. खरंच होतं ते. पण शेजारी नवनाथ निवांत चहा फुंकत बसला होता, त्याच्या चेहऱ्यावर काळजीचा लवलेश नव्हता. वचन नव्हतं दिलं, हे त्या चेहऱ्याला सांगायचं तिच्या जिवावर आलं.

संध्याकाळपर्यंत तिने नव्या आवृत्तीला जुनी खूण शिकवली. डिस्क पुन्हा जोडली. क्षणभर काहीच नाही. मग एकेका गावाचं नाव उमटलं: डुबेरे, ठाणगाव, पांढुर्ली, वावी. नवनाथने एक लग्न उघडलं आणि बँडने खोली दणाणून सोडली. उज्वलाचा ऊर भरून आला. सकाळच्या अभिनंदनांनी तिला इतका अभिमान वाटला नव्हता.

"लय घाबरती तू," नवनाथ म्हणाला.

सहकाऱ्यांपैकी कुणीतरी लिहून विचारलं, ही विचित्र खूण पुढच्या वर्षी काढून टाकायची ना? उज्वलाने लिहिलं, "नाही. ही कायमची."

मग तिने घोषणा पूर्ण केली: पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक डिस्क उघडेल. आणि त्या इंग्रजी मजकुराच्या माथ्यावर, कुणालाही न विचारता, तिने श्री लिहिलं.