घरच्या माणसाला आमंत्रण

माझी धाकटी जाऊ धुरपता अडतीस वर्षे माझ्याबरोबर एका स्वयंपाकघरात वावरली. दोन वर्षांपूर्वी तिचा मुलगा राजशेखर नांदेडला स्थिरावला आणि तिला घेऊन गेला. टेम्पोत सामान चढत होते, गल्लीतल्या बायका दारादारांत उभ्या होत्या, आणि त्या सर्वांदेखत मी तिला म्हणाले, "तू होतीस म्हणून हे घर चालले नव्हते. तू गेलीस म्हणून काही अडणार नाही."

ती पदर सावरून पुढे बसली.

कस्तुराबाई बोललेला शब्द मागे घेत नाहीत, असे आमच्या औशात माझ्याविषयी म्हटले जाते. मी ते जन्मभर खरे करून दाखवले. या एका वाक्याच्या बाबतीत मात्र ते मला पेलेनासे झाले.

गेल्या दिवाळीनंतर राजशेखरचा फोन आला. "मोठी माय, आजारपणात आईचे कान गेले. आता फोन कानाला लावून उपयोग न्हाई. लिहीत जा."

"व्हॉट्सॲपवर?"

"आमच्या घरातून ते कवाच काढून टाकलं. आपल्या घरचं बोलणं दुसऱ्याच्या कंपनीत कशाला ठेवायचं? मॅट्रिक्स म्हणून एक पद्धत हाय, कोणाच्याच मालकीची न्हाई. आमचा सर्व्हर म्हंजे कपाटातला एक छोटा कॉम्प्युटर. त्यावर तुमचंबी खातं काढून देतो."

"मी पुतण्याच्या कपाटात राहायला येणार नाही."

तो हसला. "मग लातूरच्या वाचनालयात काढा. त्यांचाबी सर्व्हर हाय. घर कोणतंबी असो, बोलणं होतंच. औशाच्या पोष्टातलं पत्र नांदेडला पोचतं का न्हाई?"

हे मला पटले. चूल वेगळी आणि येणे-जाणे एक, ही रीत आमच्याकडे जुनीच आहे.

वाचनालयाच्या ग्रंथपाल पंचशीलाबाई तरुण वयाच्या, परंतु बोलण्यात नेमक्या आहेत. त्यांनी माझ्या फोनवर ॲप घेऊन दिले आणि माझा पत्ता तयार केला. आधी माझे नाव, मग विसर्गासारखी दोन टिंबे, मग वाचनालयाचे नाव.

"हे इतर कोणी वाचेल काय?" मी विचारले. "राजशेखर? तुम्ही?"

"नाही, मावशी. तुम्हा दोघींच्या बोलण्याची ही जागा, म्हणजे खोली, खासगी आणि कुलूपबंद केली आहे. चावी फक्त आत असलेल्यांच्या फोनात राहते. सर्व्हर आमचा असला तरी आम्हाला नुसती चिरफाळलेली अक्षरे दिसतील."

मला तेच हवे होते. जे बोलायचे होते, ते राजशेखरने आईच्या कानाशी ओरडून सांगण्यासारखे नव्हते.

"आता जाऊबाईंचा पत्ता घाला आणि आमंत्रण पाठवा, म्हणजे झाले," असे सांगून त्या दुसऱ्या वाचकाकडे वळल्या.

मी आमंत्रणाच्या बटणाकडे पाहिले. आमंत्रण परक्याला देतात. घरच्या माणसाच्या दारी अक्षता घेऊन गेले, तर तो अपमान समजून आठ दिवस अबोला धरतो. शिवाय मी थोरली. धाकट्या जावेने आपण होऊन यायचे, हा क्रम अडतीस वर्षांत एकदाही उलटला नव्हता. मी फोन पिशवीत ठेवला.

"पाठवलं ना?"

"झाले," मी म्हणाले.

ज्ञानोबा, आमची जमीन वाट्याने करणारा, लेकीकडे नांदेडला निघाला होता. त्याच्याबरोबर निरोप दिला, की मी तिकडे खोली केली आहे, धुरपताला यायला सांग. परत येऊन तो म्हणाला, "कागदावर लिहून दाखवलं, बाई. हाव म्हन्ल्या."

त्या दिवसापासून मी दररोज दुपारी चार वाजता लिहू लागले. त्या वेळी आम्ही दोघी चहा घेत असू. पहिल्या दिवशी लिहिले, तुरीला शेंगा बऱ्या धरल्या आहेत. नंतर लिहिले, की काळा मसाला करताना धणे जळाले आणि घरात शिंकायलासुद्धा दुसरे कोणी नव्हते. उत्तर आले नाही. वाचून गप्प बसली आहे, असे मी समजले. तिला तो अधिकार होता. नवव्या दिवशी मी लिहिले, "त्या दिवशी माझ्या तोंडून कदाचित काही अधिक-उणे गेले असेल."

त्याचेही उत्तर आले नाही.

त्यानंतरचा महिना मी कसा काढला, ते सांगण्यासारखे नाही. एका माणसाची भाकरी थापायला परात मोठी वाटे. चार वाजले की फोन उघडायचा, दोन ओळी लिहायच्या आणि अंधार पडेपर्यंत पाहत बसायचे. हळूहळू माझ्या ओळी तुटक झाल्या. "कडबा आला." "वीज नव्हती." एकोणचाळिसाव्या दिवशी मी खाते बंद करून टाकण्याचे ठरवले आणि लातूरची बस धरली.

पंचशीलाबाईंनी फोन हातात घेतला आणि खोलीत कोण कोण आहे ते उघडून पाहिले.

"मावशी, या खोलीत तुम्ही एकट्याच आहात."

"म्हणजे?"

"त्यांना आमंत्रण गेलेलंच नाही. त्याशिवाय बाहेरच्या माणसाला ही खोली दिसतसुद्धा नाही. हे सगळं कोणीच वाचलेलं नाही."

एकोणचाळीस दिवस मी जिच्यावर रागावले होते, ती दोषी नव्हती. मी खुर्चीवर बसले.

"आता पाठवले तर ती मागचे वाचेल?"

"नाही. ज्याला जेव्हा आत घेतलं, तेव्हापासूनचंच त्याला उघडतं. खोली कुलूपबंद करताना मी तसंच ठेवलं होतं." मग आवाज हलका करून त्यांनी विचारले, "मी पाठवू का?"

"नको. माझे मी पाठवते."

राजशेखरने दिलेला नांदेडचा पत्ता मी एकेक अक्षर पाहून घातला आणि ते बटण दाबले. पंचशीलाबाईंनी तिकडे पाहायचे टाळले. त्या पुस्तके लावू लागल्या.

परतीची बस औसा स्थानकात शिरली तेव्हा फोन वाजला. मी उतरून बाकावर बसले. धुरपता खोलीत आली होती.

"अक्का, वरी नुसती कुलपं दिसून राहिली. काय लिवलं व्हतं?"

"इतके दिवस का आली नाहीस?"

"राजशेखरची ऱ्हुतुजा म्हन्ली, आजी, ह्ये दार ढकलून उघडत न्हाई. बोलावणं लागतंय. म्या म्हन्लं, अक्का अन् बोलावतेत व्हय? आपल्यावाचून तिथं काई अडत न्हाई."

ती हसत लिहीत होती की कसे, हे अक्षरांवरून कळेना. तिचा आवाज मला ठाऊक होता. तो मनात आणून मी वाक्य दोनदा वाचले, तरी कळेना.

माझ्या फोनवर मागचे सर्व दिसत होते. नवव्या दिवसाची ओळ उचलून पुन्हा पाठवता आली असती. मी ती वाचली. त्यात "कदाचित" होते, "काही" होते, "असेल" होते. ती ओळ कोणी वाचली नाही, हे बरे झाले.

समोर सोलापूरच्या गाडीकडे माणसे धावत होती. मी लिहिले, "त्या दिवशी मी बोलले ते खोटे होते. तू होतीस म्हणूनच ते घर चालले. आता सगळे अडले आहे."

आणि पाठवले.

थोड्या वेळाने त्या ओळीखाली एक लहानसे वर्तुळ उमटले. त्यात "धु" हे अक्षर होते. तिने वाचले होते.

पुढे काही आले नाही. ती लिहीत असल्याची खूणही दिसली नाही. सोलापूरची गाडी गेली, मागून निलंग्याची आली. नांदेडच्या त्या घरात, काहीही ऐकू न येणारी माझी जाऊ फोन मांडीवर घेऊन बसली होती आणि तिला लागेल तेवढा वेळ घेत होती. मी आणखी एक शब्द लिहिला नाही. फोन बंद न करता हातात धरून मी बाकावरच बसून राहिले.