अंगठा

सू किमने भावाचा अंगठा घराच्या ठशावर उघडणाऱ्या कुलपातून काढून टाकला तो मंगळवारी, इस्पितळात आईचे रक्ताचे अहवाल दाखवून परतताना, बसमध्ये बसल्या बसल्या. फोनवर त्याचं, बून हॉकचं, नाव शोधलं, ‘काढा’वर बोट ठेवलं, झालं. आईची साखर इतकी चढली होती की डॉक्टरांनी हॉकसमोर सू किमलाच फैलावर घेतलं होतं. आणि चढणार नाही तर काय! हॉक येताजाता म्हातारीला गोड पाकातले तिळाचे गोळे भरवायचा. कितीदा सांगितलं, पण तो हसण्यावारी न्यायचा. आता बस झालं, असं तिने ठरवलं. त्याला मात्र एका शब्दाने कळवलं नाही.

शुक्रवारी दुपारी ती दवाखान्यात औषधांच्या खिडकीत बसली होती, तेव्हा फोन थरथरला. दाराशी कुणीतरी होतं. तिने दारावरच्या कॅमेऱ्यातून पाहिलं तर तोआ पायोह वस्तीतल्या त्यांच्या घरापुढे, अकराव्या मजल्यावर, हॉक उभा. खाणावळीतून तसाच आलेला, एप्रन अंगावर, हातात पिशवी. आत आई एकटीच होती. मांडीचं हाड मोडल्यापासून तिला पलंगावरून उठता येत नव्हतं, आणि दिवसाची बाई दोनला निघून जायची.

हॉकने अंगठा टेकवला. लाल दिवा. एप्रनला पुसून पुन्हा टेकवला. पुन्हा लाल. तिसऱ्यांदा कुलूप मोठ्याने कोकललं, तसा तो दचकून मागे सरला. थोडा वेळ दाराकडे नुसता बघत राहिला.

“कोण आहे? हॉक का?” आतून आईचा आवाज आला.

तो बाहेरच्या सज्जावर उघडणाऱ्या आईच्या खिडकीपाशी गेला. “मीच, मा. कुलपाची बॅटरी गेलीय वाटतं.”

“मग आता रे?”

“आता काय, इथूनच बोलू. आ-चे आली की बदलेल. काल झोप लागली का तुला?”

आ-चे, म्हणजे त्याची ताई, सू किमच होती. तिच्या फोनवर ‘उघडा’ असं हिरवं बटण होतं. एकदा बोट टेकलं की झालं. पण मग ती बघत होती हे त्याला कळलं असतं. तिने फोन पालथा घातला आणि समोरच्या आजोबांना गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावू लागली. मध्येच सुलटा करून पाहिलं, तो उभाच. पुन्हा पाहिलं, तरी उभाच. आई कशाला तरी खळखळून हसल्याचं फोनमधून ऐकू आलं. दीड तास तो तसा गजांना धरून उभा होता.

संध्याकाळी घरात पाऊल टाकताच आई म्हणाली, “आधी ती बॅटरी बदल बाई. पोरगं ताटकळलं बाहेर.”

बॅटऱ्या महिन्याभरापूर्वीच घातलेल्या होत्या. तरी सू किमने आईदेखत स्टूल ओढलं, झाकण काढलं, चांगल्या चार काढून नव्या चार घातल्या.

रात्रीपर्यंत तिला दम धरवला नाही. स्वयंपाकघरात जाऊन तिने फोन लावला. “हॉक, बॅटरी संपली नव्हती.”

“माहीत आहे. संपली असती तर दिवा कुठून लागला असता?”

“मग मा-ला तसं का सांगितलंस?”

“काय सांगू मग? तुझ्या लेकीने मला हाकललं म्हणून?”

तिने ओट्यावरचा नळ उगाच सोडला आणि बंद केला.

“आ-चे, पिशवीत पपई होती,” तो म्हणाला. “गोड बंद केलंय मी. इस्पितळात तुझं तोंड पाहिलं तेव्हाच.”

“मी बघत होते रे,” ती कशीबशी म्हणाली. “फोनवर. सगळा वेळ.”

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला.

“सगळा वेळ?”

“हो.”

त्याने भांडी पुन्हा हातात घेतली. मग म्हणाला, “रविवारी येतो. तू घरी असशील तेव्हा.”

रविवारी तिने त्याचा अंगठा पुन्हा नोंदवला. चुलीने भाजून गुळगुळीत झालेला अंगठा चारदा टेकवावा लागला, तेव्हा कुठे हिरवा दिवा लागला. हॉक “बरं” म्हणाला आणि आईकडे गेला. पण त्यानंतर येतो तेव्हा कुलपाला हात लावत नाही. बेल वाजवतो, आणि सू किम येऊन दार उघडेपर्यंत दोन पावलं मागे उभा राहतो.